शेऱ्याचा रकाना

बोरिवली पश्चिम,
९ एप्रिल २०२५

प्रिय नॅन्सी,

नमस्कार तुला, आणि घरी जॉनीलाही. तुझा भाऊ फ्लॉयड परवा वझिरा नाक्यावर भेटला. खाडीपलीकडे गोराईला राहायला गेल्यापासून तुझे गुडघे बरे आहेत पण कान आणखी बिघडलेत, असं म्हणाला. म्हणजे तू फोन उचलत नाहीस ते माझ्यावर रागावून नव्हे. बरं वाटलं. त्याने पिशवीतून मला सुके बोंबील काढून दिले. आम्हा करंदीकरांच्या घरात बोंबील शिजत नाहीत हे त्याला तीस वर्षांत कळलेलं नाही. मी घेतले आणि तेजलला दिले. तेजल ही आपली विज्ञानाची नवी शिक्षिका. चुणचुणीत आहे, पण सारखी फोटो काढते.

आता बातमी. एकतीस मेला मी निवृत्त होते. तू शाळेतून गेलीस त्याला तीन वर्षं झाली, तुझ्या जागी कोणी आलं नाही, येणारही नाही. पाचवीची एकच तुकडी उरलेल्या मराठी शाळेला ग्रंथपाल कोण देतो? ग्रंथालयाची किल्ली शिक्षकांच्या खोलीत खिळ्याला लटकते. आपले सचिव पाठारे मला म्हणाले, "बाई, जाण्याआधी ग्रंथालयाची साठा पडताळणी तेवढी करून द्या. पुस्तकांची माया तुमच्याइतकी कुणाला आहे?" मी फुगले. मग त्यांचं वाक्य पूर्ण झालं. "आणि नॅन्सी मॅडमनी रजिस्टर इतकं लख्ख ठेवलंय की तुम्हाला फार कामच नाही."

तर रोज अकरा ते दोन आम्ही दोघी बसतो. तेजल फळीवरच्या पुस्तकाचा दाखल क्रमांक पुकारते, मी दाखल नोंदवहीत त्या ओळीवर हिरवी खूण करते. शेवटी ज्या ओळीवर खूण नाही ते पुस्तक नाही. एकूण पाच हजार तीनशे अठरा ओळी, आणि बहुतेक सगळ्या तुझ्या त्या मुंगीएवढ्या गोल अक्षरात. माझं अक्षर तुला माहीत आहे, दोन ओळींत फळा भरतो. दादू शिपाई असता तर काम लवकर झालं असतं, पण तो मुलीच्या लग्नासाठी मालवणला गेलाय तो मेमध्ये उगवेल.

एक सांग, हे तू कधी करायचीस? एका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं सापडलं: 'स्वरदा, हे आवडलं असेल तर ४१२ घे.' मी ४१२ काढलं. तिथे: 'आता २०७७. जड वाटलं तर थांब, दिवाळीनंतर पुन्हा घे.' २०७७ मध्ये: 'संपवलंस? मग मला येऊन सांग, मी वाट बघते.' अशी किती मुलं, किती वाटा! एक यज्ञेश म्हणून मुलगा होता बघ, वर्गात तोंड उघडायचा नाही. त्याच्या नावाने सतरा पुस्तकांची साखळी आहे. मी त्याला पूर्ण वर्ष 'माठ' म्हणत होते.

तेजलने त्या पानांचे फोटो काढले आणि माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर टाकले. झालं, वाट लागली. दोन दिवस फोन किणकिणतोय. मॅडम अशा आणि मॅडम तशा. आता त्यांचं म्हणणं, ग्रंथालयाला तुझं नाव द्यायचं. पाटी, कार्यक्रम, सगळं. पाठारे हो म्हणालेत, सव्वीस तारखेला सभा आहे.

अभिनंदन.

ऋता आठवते ना? राज्यस्तरीय वक्तृत्वात पहिली आलेली? तिची ढाल अजून मुख्याध्यापकांच्या कपाटावर आहे. त्या भाषणासाठी मी तिला दीड महिना रोज संध्याकाळी घरी बोलवत होते, माझा घसा बसला होता. तिने ग्रुपवर लिहिलं, 'करंदीकर बाईंनी मला बोलायला शिकवलं. पण बोलण्यासारखं माझ्याजवळ काही होतं ते नॅन्सी मॅडममुळे.' एकशे चार जणांनी अंगठा दिला. मीही दिला. एकशे पाच.

दोन हजार अकरा साली हेच ग्रंथालय मोडून तिथे संगणकाची खोली करायला निघाले होते, तेव्हा पटांगणातल्या पायरीवर उभं राहून दीड तास कोण बोललं होतं गं? पालक रडले, पेपरात फोटो आला, ठराव मागे घेतला गेला. तू तेव्हा आत बसून पुस्तकांना कव्हरं घालत होतीस. बाहेर ये म्हटलं तर म्हणालीस, "बाई, तू बोल. तुला येतं." हे गंमत म्हणून लिहिते आहे हं. मनात काही नाही.

नोंदवहीत एक-दोन गोष्टी मला कळल्या नाहीत. असतील तुझ्या काही खुणा. ते राहू दे.

तब्येतीला जप.

तुझी,
मृणालिनी


बोरिवली पश्चिम,
२८ एप्रिल २०२५

प्रिय नॅन्सी,

तुझं उत्तर नाही. पत्र पोचलं असं फ्लॉयडकडून कळलं, तेव्हा खाडीला दोष देता येत नाही. तुम्ही सगळे ठीक असाल असं धरून चालते.

शनिवारच्या सभेत काय झालं ते तुझ्या कानावर आलंच असेल. लोक तिखटमीठ लावून सांगतात, म्हणून मीच सांगते.

पडताळणी पूर्ण झाली. एकसष्ट ओळी खुणेविना राहिल्या. त्यातल्या अठरा ओळींपुढे शेऱ्याच्या रकान्यात तू 'हरवले' आणि तारीख लिहिली आहेस. एकोणतीस वर्षांत अठरा पुस्तकं हरवणं म्हणजे काहीच नाही, हे मी सभेतसुद्धा म्हणाले. पण उरलेल्या त्रेचाळीस ओळींपुढे पेन्सिलीने लिहिलेलं एकच अक्षर आहे. 'मृ'. तारीख नाही, सही नाही, ठराव क्रमांक नाही. नुसतं 'मृ'.

तुला नियम माहीत आहे. पुस्तक बाद करायचं तर समितीपुढे ठेवावं लागतं, पाच सह्या लागतात. आणि ही त्रेचाळीस कुठली पुस्तकं? वाळवीने खाल्लेली गाईडं असती तर मी गप्प बसले असते. ही चरित्रं आहेत, भाषणांचे संग्रह आहेत, गिरणी संपावरची, सत्याग्रहांवरची पुस्तकं आहेत. ग्रंथालयातली सगळ्यात धगधगती पुस्तकं वेचून तू ती मृत ठरवलीस! कोणाला विचारून?

मी उभी राहिले तेव्हा मला वाटलं होतं, दोन मिनिटं बोलेन. पण तुला माहीत आहे माझं कसं होतं. समोर साठ-सत्तर माणसं, ऋता पहिल्या रांगेत. मी म्हणाले, "पुस्तक फाटतं, कुजतं, हरवतं, पण पुस्तक मरत नाही. ते मेलं असं एका पेन्सिलीने ठरवण्याचा अधिकार या शाळेने कोणालाही दिलेला नाही. ज्या हाताने त्रेचाळीस पुस्तकांचे मृत्यूचे दाखले लिहिले, त्या हाताचं नाव तुम्ही या दारावर लावणार आहात का?" लगेच टाळ्या. मागच्या रांगेतले तर उभे राहिले.

पाठारे म्हणाले, "बाईंचा मुद्दा गंभीर आहे. नावाचा विषय तूर्त बाजूला ठेवू." इतिवृत्तात तसं लिहिलं गेलं.

ऋता मला न भेटता गेली. जिना उतरताना तिने माझ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर राग असता तर मला चाललं असतं. राग नव्हता.

तू म्हणशील, आधी मला का नाही विचारलंस? नॅन्सी, शाळेचं काम शाळेत. मैत्री मध्ये आणली असती तर लोक म्हणाले असते, करंदीकर बाईंनी मैत्रिणीला सांभाळून घेतलं. आयुष्यभर मी पोरांना सांगत आले, जवळच्या माणसाची चूक आधी दाखवा. तेच केलं. ज्याला तत्त्व आहे त्याला कधी कधी वाईट व्हावं लागतं. यात माझा कसलाही स्वार्थ नाही. दारावर माझं नाव लावा असं मी कोणाला म्हटलेलं नाही.

रात्रभर पाऊल दुखत होतं, सभेत फार वेळ उभी होते म्हणून. बाकी क्षेम.

काय ते खुलासेवार कळव. मी तुझं म्हणणं समितीपुढे जसंच्या तसं ठेवीन, शब्द देते.

तुझी,
मृणालिनी


बोरिवली पश्चिम,
१९ मे २०२५

नॅन्सी,

या पत्रात तब्येतीची चौकशी नाही. मी ती कोणत्या तोंडाने करू?

बारा तारखेला दादू मालवणहून आला. मुलीच्या लग्नाचे लाडू घेऊन ग्रंथालयात मला शोधत आला. मी अंतिम अहवाल लिहीत होते, नोंदवही उघडी होती. त्याने टेबलावर डबा ठेवला, वाकून बघितलं आणि हसला. म्हणाला, "बाईंनू, शेवटी तुमीच तुमची पुस्तकां तपासूक बसलात?"

मी विचारलं, "कसली माझी पुस्तकं?"

"ही काय. मृ, मृ, मृ. ह्यां तुमचाच ना नाव?"

मी म्हटलं, "दादू, मृ म्हणजे मृत."

तो माझ्याकडे असा बघत राहिला, जसं मी वर्गात उत्तर चुकलेल्या पोराकडे बघायची. "मृत कशाक? मृणालिनी. तुमी दारातसून वराडत जायचात, 'नॅन्सी, हे नेते गं!' सही कधी केलात? मॅडम मगे माका क्रमांक बघूक सांगायच्या आणि हय असा लिवायच्या. मी एकदा म्हटलंय, जावन घेवन येव? तर म्हणाल्या, मृची पुस्तकां मागूक जायचा नाय. ती बोलतली तेव्हा परत येतत."

म्हणजे मी भाषण केलं की ते पुस्तक परत आलं, असं तू धरत होतीस.

नॅन्सी, शाळेत मला सगळे करंदीकर बाई म्हणतात. तूही 'बाई' म्हणूनच हाक मारून मग तू-तुझं करायचीस. हे सबब म्हणून लिहावंसं वाटलं, आणि लिहिल्यावर लाज वाटली. गेल्या दोन पत्रांखाली मी 'मृणालिनी' अशीच सही केली आहे. 'मृ'ने सुरू होणारं माझंच नाव पत्राखाली लिहीत असताना मला 'मृत'च सुचलं, कारण मला तेच हवं होतं.

आणि हेही आता लिहिते. ते अक्षर मला पडताळणीच्या दुसऱ्याच दिवशी दिसलं होतं. तुला पहिलं पत्र लिहिलं तेव्हा नोंदवही शेजारी उघडी होती. एका ओळीत विचारता आलं असतं. विचारलं नाही, कारण तू उत्तर दिलं असतंस.

घरी येऊन मी कपाट उघडलं. एकोणचाळीस निघाली. सगळी तपकिरी कागदात घातलेली, सगळ्यांत माझ्या लाल रेघा. पहिल्या पानावरचा शाळेचा शिक्का मला इतकी वर्षं दिसत नव्हता असं नाही. दिसत होता. मी शाळेसाठी भांडते, म्हणजे शाळेची पुस्तकं माझीच, असं काहीसं मनात असावं. चोराला निदान आपण चोर आहोत हे माहीत असतं.

उरलेली चार कुठे गेली ते मला आठवेना. त्यातल्या एकाचा पत्ता ऋताने दिला. मी तिला फोन केला, सभेत चुकीचं बोलले म्हणून सांगायला. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "बाई, सातवीत मी आंतरशालेय स्पर्धेत दुसरी आले तेव्हा तुम्ही मला एक पुस्तक बक्षीस दिलं होतंत. आठवतं?"

आठवत होतं. पहिलं पान काढून टाकून पुठ्ठ्याच्या आत मी लिहिलं होतं, 'चि. ऋतास, बोलत राहा.'

"त्याच्या एकविसाव्या पानावर शाळेचा शिक्का आहे बाई. मॅडम प्रत्येक पुस्तकात एकविसाव्या पानावर दुसरा शिक्का मारायच्या, कोणाला कळू नये म्हणून. मी घाबरून त्यांच्याकडे परत घेऊन गेले होते. त्यांनी शिक्का बघितला, तुमचं अक्षर बघितलं आणि म्हणाल्या, ठेव. बाईंनी मनापासून दिलंय. त्यांना कधी सांगू नकोस."

"मग आता का सांगितलंस?" मी विचारलं.

ती म्हणाली, "सभेत बसले होते ना मी."

फोन ठेवला. बाकीची तीनही मी अशीच बक्षिसं म्हणून वाटली होती, तेही तेव्हा आठवलं. तुला कळतंय का मला काय झालं? अठरा वर्षं मी समजत होते, त्या मुलीचं बाकी सगळं तुझं असेल, पण ते एक बक्षीस माझं होतं. तेही तूच दिलेलं निघालं. आणि तू कधी बोलली नाहीस, ना तिच्यासमोर ना माझ्यासमोर. नाताळात घरी तुमचे ते तळलेले गोड फुगे घेऊन यायचीस, दिवाणखान्यात त्याच कपाटासमोर बसायचीस. तुला पुठ्ठ्यांच्या उंचीवरूनसुद्धा ओळखू येत असतील ती. चहा प्यायचीस आणि जायचीस.

काल रविवारी पुन्हा सभा बोलवायला लावली. पाठारे नाराज होते. म्हणाले, "बाई, तुम्ही इतकं छान बोललात, टाळ्या झाल्या, आता परत कशाला? एक पत्र द्या, मी फायलीला लावतो." मी म्हटलं, "जिथे बोलले तिथेच बोलणार, तेवढ्याच माणसांसमोर." तेवढी आली नाहीत. पस्तीस-चाळीस असतील. जी उभी राहून टाळ्या वाजवत होती त्यातली निम्मी नव्हती. त्यांच्या मनात तू कायम तशीच राहणार, ते आता माझ्या हातात नाही.

आयुष्यात पहिल्यांदा मी कागदावरून वाचलं. तोंडाने बोलले असते तर ते भाषण झालं असतं, आणि भाषण झालं असतं तर लोक माझ्याच मोठेपणाला टाळ्या देऊन घरी गेले असते. म्हणून वाचलं. 'नोंदवहीतील मृ म्हणजे मृणालिनी करंदीकर. त्रेचाळीस पुस्तके मी नोंद न करता नेली. एकोणचाळीस परत ठेवली आहेत. चार मी माझी म्हणून मुलांना वाटली, त्यातले एक परत आले आहे. ग्रंथपालांनी एकही पुस्तक नियमाबाहेर बाद केलेले नाही. मागील सभेत मी जे म्हणाले ते खोटे होते, आणि खरे काय हे विचारण्याची संधी असताना मी विचारले नाही.' एवढंच. टाळी नाही, काही नाही.

मग मी म्हणाले, नावाचा ठराव आता पुन्हा घ्यावा.

पाठाऱ्यांनी खिशातून तुझं पत्र काढलं. ते त्यांना आठ दिवसांपूर्वीच आलं होतं म्हणे. त्यांनी वाचून दाखवलं. 'माझे नाव देऊ नये ही विनंती. जी पुस्तके जागेवर नाहीत ती कुठे आहेत ते मला माहीत आहे, ती चांगली वाचली गेली आहेत. मे संपायच्या आत सगळी पुस्तके एकदा गच्चीत उन्हाला घाला, नाहीतर पावसाळ्यात कसर लागेल. डांबराच्या गोळ्या खालच्या खणात आहेत.'

त्यात माझं नाव नाही. खुलासा नाही. एवढं होऊनही तू मला सांगितलं नाहीस आणि त्यांनाही नाही.

मी म्हटलं, मॅडमचा विनय आहे, आपण तरीही नाव लावू. तेव्हा ऋता उठली. माझ्याकडे बघून, आवाज अजिबात न चढवता म्हणाली, "नको बाई. आधीच लावलं असतं तर त्यांना नाही म्हणता आलं नसतं. आता त्या विचारपूर्वक नाही म्हणतायत. ते तरी ऐकू या."

त्या मुलीला मी शिकवलं होतं, समोरच्याला उत्तर उरणार नाही असं शेवटचं वाक्य बोलावं. मला उत्तर उरलं नाही. दारावर 'ग्रंथालय' एवढंच राहणार आहे. तुझी पाटी मी घालवली, आणि ती कोणत्याही भाषणाने परत येणार नाही.

आज सकाळी दादू, तेजल आणि मी पुस्तकं गच्चीत घातली. त्रेचाळीस ओळींपुढे शेऱ्याच्या रकान्यात शाईने पूर्ण लिहिलं, कोणाकडे होती, किती वर्षं. तेजल फोटो काढायला गेली, मी ओरडले नाही. काढू दे.

आता शेवटचं, आणि हे न लिहिता पत्र बंद केलं तर तेही खोटंच. काल पाठारे तुझं पत्र वाचत होते तेव्हा मला लाज वाटली, ती खरी आहे. पण लाजेच्या अर्धा क्षण आधी मला काय वाटलं सांगू? वाटलं, ही सभासुद्धा हिनेच मारली, न येता, चार ओळींत. आणि पोटात तेच जळलं जे तू मुलांना लिहिलेल्या त्या पेन्सिलीच्या ओळींपाशी जळलं होतं. सगळं कळल्यावरसुद्धा. अठ्ठावन्न वर्षांची बाई मी, हजार पोरांना मत्सराने माणूस कसा लहान होतो यावर सात मिनिटांचं भाषण बसवून दिलेली.

म्हणून आज मी तुझी क्षमा मागत नाही. मागितली तर तू लगेच देशील, बोटीतून उतरून फुगे घेऊनही येशील, आणि मी तुझ्याकडे बघून पुन्हा मनात म्हणेन, बघा, इथेही हीच पुढे. ते मला नको आहे. मला थोडे दिवस हे असंच राहू दे. ज्या दिवशी तुझं चांगलं नाव ऐकून माझ्या पोटात काही हलणार नाही, त्या दिवशी मी स्वतः गोराईला येईन आणि मागेन. तो दिवस कधी येईल ते मला माहीत नाही. तू तोवर काही पाठवू नकोस, क्षमा तर नकोच.

तुझी म्हणवून घ्यायला लाजणारी, आणि तुझा हेवा अजून न सुटलेली,
मृणालिनी